दाखल्यांचा हिशेब आणि संशोधनाचे मोल

सेवाग्राम (प्रतिनिधी) : वर्षातून एकदा, बहुधा सप्टेंबरच्या सुमारास, राज्यातील विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या फाटकांवर अभिनंदनाचे फलक झळकू लागतात. आपल्या संस्थेतील अमुक प्राध्यापकांची गणना ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत’ झाल्याची वार्ता स्थानिक वृत्तपत्रांतूनही छापून येते. फलक वाचणाऱ्या सर्वसामान्य माणसाला त्या प्राध्यापकांचे कौतुक वाटते. परंतु त्यांनी नेमके कोणते संशोधन केले, ते कोणाच्या उपयोगी पडले आणि हे दोन टक्के कोणी व कसे मोजले, याचा बोध त्या फलकावरून होत नाही.

संशोधनाचे मोल आकड्यांत मोजण्याची ही पद्धत आता केवळ कौतुकापुरती उरलेली नाही. प्राध्यापकांची नेमणूक व बढती, संस्थांचे मानांकन, संशोधनाला मिळणारे अनुदान आणि पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधणाऱ्या विद्यार्थ्याची निवड या साऱ्यांवर तिचा प्रभाव पडतो. म्हणूनच हा हिशेब काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. त्यासाठी महाराष्ट्रातच दोन बोलकी उदाहरणे आहेत. पहिले १९९५ मधील, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एका रसायनशास्त्रीय शोधनिबंधाचे; दुसरे २००५ मधील, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात झालेल्या एका अभ्यासाचे.

शेळीचे दूध आणि कोबाल्ट

पुण्याचा निबंध ज्या शाखेतला आहे तिला ‘ऑर्गॅनोमेटॅलिक केमिस्ट्री’ म्हणजे कार्बन-धातू रसायनशास्त्र म्हणतात. ज्या संयुगात कार्बनचा अणू एखाद्या धातूच्या अणूशी थेट जोडलेला असतो, त्या संयुगांचा अभ्यास ही शाखा करते. मीठ, तुरटी किंवा लोखंडाचा गंज यांतही धातू असतो, पण तेथे त्याचा कार्बनशी असा थेट बंध नसतो.

नाव बोजड असले तरी हा विषय आपल्या घरापर्यंत पोचलेला आहे आणि त्याचे एक उदाहरण सेवाग्रामच्या इतिहासाशीही जुळते. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. १९१२ पासून त्यांनी दूध वर्ज्य केले होते. मात्र १९१८-१९ च्या गंभीर आजारपणानंतर ते शेळीचे दूध घेऊ लागले आणि सेवाग्रामच्या आश्रमातही तोच क्रम चालू राहिला. दूध पूर्णपणे सोडून निव्वळ वनस्पतिजन्य आहारावर शरीर टिकवता येईल का, या प्रश्नाचा ते दीर्घकाळ विचार करीत होते.

त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग बी-१२ या जीवनसत्त्वात दडलेला होता. वनस्पती हे जीवनसत्त्व तयार करीत नाहीत. शेळी, गाय यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणू चाऱ्यातून आलेल्या कोबाल्टचा उपयोग करून ते घडवतात आणि पुढे ते दुधात उतरते. १९४८ मध्ये, म्हणजे गांधीजींच्या निधनाच्याच वर्षी, हे जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात शास्त्रज्ञांच्या हाती आले. ब्रिटिश शास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ मध्ये त्याची रचना उलगडली. १९६१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने, शरीरात प्रत्यक्ष काम करणाऱ्या बी-१२ च्या रूपात कोबाल्ट आणि कार्बन यांचा थेट बंध असल्याचे दाखवून दिले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वारंवार दिसणारे ‘मिथाइलकोबालामिन’ हे त्याच घराण्यातील कार्बन-धातू संयुग होय.

कारखान्यात आणि औषधनिर्मितीत या शाखेचे महत्त्व मुख्यतः उत्प्रेरकांमुळे आहे. स्वतः खर्ची न पडता रासायनिक अभिक्रिया घडवून आणणाऱ्या किंवा तिचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. धातूचा अणू कार्बनच्या दोन तुकड्यांना क्षणभर आपल्याशी बांधून घेतो, त्यांची एकमेकांशी गाठ घालून देतो आणि पुढच्या जोडीसाठी मोकळा होतो. उच्च रक्तदाबाच्या अनेक रुग्णांना परिचित असलेल्या लोसार्टन या औषधाच्या कारखानी निर्मितीत दोन कार्बनी वलये जोडण्यासाठी पॅलेडियम या धातूची अशीच मदत घेतली गेली. कार्बनचे तुकडे पॅलेडियमच्या साहाय्याने जोडण्याच्या या विद्येसाठी रिचर्ड हेक, एइ-इची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांना २०१० चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

तेल आणि पाणी यांच्या सीमेवर

आता पुण्याच्या निबंधाकडे वळू. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. तेथील आर. व्ही. चौधरी, बी. एम. भानगे आणि आर. एम. देशपांडे यांनी फ्रान्समधील एच. देलमास यांच्यासह लिहिलेला एक निबंध फेब्रुवारी १९९५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अवघ्या तीन पानांचा हा निबंध एका व्यावहारिक अडचणीवर उपाय सुचवणारा होता.

‘हायड्रोफॉर्मायलेशन’ ही रसायन उद्योगातील मोठी अभिक्रिया १९३८ मध्ये जर्मनीत ओटो रोलेन यांनी शोधली. तिच्यात तेलासारख्या एका कार्बनी द्रव्याशी किंवा वायूशी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचा संयोग घडवतात. त्यातून मिळणाऱ्या पदार्थांपासून प्लॅस्टिक मऊ करणारी द्रव्ये आणि धुण्याच्या पावडरींतील घटक बनतात. या अभिक्रियेसाठी ऱ्होडियम हा धातू उत्तम उत्प्रेरक ठरतो. परंतु तो जगातील अत्यंत महागड्या धातूंपैकी एक असल्याने त्याचा अंशही वाया जाऊ देणे परवडत नाही.

यावर युरोपातील उद्योगाने नामी तोड काढली. ऱ्होडियमला पाण्यात विरघळणाऱ्या एका रेणूशी बांधायचे, म्हणजे तो पाण्यात राहतो. तयार झालेला माल तेलासारखा असल्याने पाण्यावर तरंगतो. वरचा थर काढून घेतला की माल हाती आणि धातू भांड्यात. जर्मनीतील ओबरहाउझेन येथे १९८४ मध्ये या तत्त्वावर मोठा कारखाना सुरू झाला. मात्र ही युक्ती प्रोपिलीनसारख्या लहान रेणूंना लागू पडे. ऑक्टीनसारखे लांब रेणू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. कच्चा माल तेलाच्या थरात आणि उत्प्रेरक पाण्यात, अशी दोघांची ताटातूट होऊन अभिक्रिया अतिशय मंद चाले.

पुण्यातील शास्त्रज्ञांनी या दोन थरांच्या सीमेकडे लक्ष वळवले. पाण्यात न विरघळणारा, पण ऱ्होडियमची ओढ असलेला ट्रायफिनाइल फॉस्फिन हा पदार्थ त्यांनी तेलाच्या थरात मिसळला. पाण्यातील रेणूने ऱ्होडियमला एका बाजूने धरून ठेवलेले असताना तेलातील हा रेणू त्याला दुसऱ्या बाजूने धरतो. नदीच्या दोन्ही काठांवरून दोर ताणून होडी मधोमध रोखावी तसा धातू सीमेवर गोळा होतो आणि तेथे त्याची ऑक्टीनशी गाठ पडते. या उपायाने अभिक्रियेचा वेग दहा ते पन्नास पटींनी वाढल्याचे निबंधात नमूद आहे. चौधरी पुढे अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात प्राध्यापक झाले, तर भानगे यांनी मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत उत्प्रेरकांवरील संशोधन चालू ठेवले.

दाखला म्हणजे काय?

एखादा निबंध प्रसिद्ध झाल्यावर त्याचा आधार घेऊन, त्यावर पुढे काम करून अथवा त्याच्याशी मतभेद नोंदवून इतर संशोधक आपल्या लेखनात त्याचा उल्लेख करतात. या उल्लेखाला इंग्रजीत ‘सायटेशन’ म्हणतात. मराठीत त्याला दाखला म्हणता येईल. न्यायालयात वकील जुन्या निवाड्यांचे दाखले देतात, तसाच हा प्रकार. किंबहुना अमेरिकेतील वकिलांच्या वापरातील अशाच एका सूचीपासून स्फूर्ती घेऊन युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानासाठी दाखल्यांची सूची तयार करण्याची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये ती सूची प्रत्यक्षात आणली. एखाद्या जुन्या निबंधाचा धागा पकडून त्या विषयावरील पुढचे लेखन शोधता यावे, हा तिचा मूळ हेतू होता. माणसांची प्रतवारी लावण्यासाठी तिचा वापर नंतर सुरू झाला.

नियतकालिकांसाठी ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हे माप रूढ झाले. नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षात सरासरी किती दाखले मिळाले, एवढेच ते सांगते. हे माप नियतकालिकाचे असते, त्यातील एका निबंधाचे नव्हे. काही थोड्या निबंधांना शेकडो दाखले मिळतात आणि उरलेल्या अनेकांना मोजकेच. श्रीमंतांच्या वस्तीत राहणारा प्रत्येकजण श्रीमंत असतोच असे नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या सरासरीची मर्यादा कळते. पुण्याचा निबंध ‘नेचर’मध्ये छापला गेला म्हणून नव्हे, तर त्याने एक खरी अडचण सोडवली म्हणून मोलाचा आहे.

व्यक्तीसाठीचे माप म्हणजे ‘एच-इंडेक्स’. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी ते २००५ मध्ये सुचवले. शास्त्रज्ञाचे निबंध दाखल्यांच्या उतरत्या क्रमाने मांडावयाचे आणि ज्या क्रमांकापर्यंत निबंधाचे दाखले त्याच्या क्रमांकाइतके किंवा अधिक आहेत तो क्रमांक घ्यावयाचा. कल्पना करा की एका रसायनशास्त्रज्ञाच्या दहा निबंधांना अनुक्रमे ९०, ४०, २२, १५, ९, ६, ६, ३, १ आणि ० दाखले मिळाले. सहाव्या निबंधाला सहा दाखले आहेत, पण सातव्याला सात नाहीत. म्हणून त्याचा एच-इंडेक्स ६. दुसऱ्या एकाने केवळ तीनच निबंध लिहिले, पण त्यांना ९००, ३०० आणि १०० दाखले मिळाले. त्याचा एच-इंडेक्स मात्र ३ च. पहिल्याला एकूण १९२ दाखले आहेत आणि दुसऱ्याला १,३००. तरीही या मापाने पहिला दुसऱ्याच्या दुप्पट ठरतो! सातत्याने काम करणाऱ्याला हे माप झुकते माप देते, एखादाच मोठा शोध लावणाऱ्याला नाही. शिवाय ते वयानुसार वाढतच जाते, कमी कधीच होत नाही.

फलकांवरील ‘दोन टक्के’ याहून थोड्या सावध पद्धतीने काढलेले असतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन इओआनिडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ही यादी प्रथम मांडली. ‘स्कोपस’ या माहितीसंचातील सहा मापे एकत्र करून ती बनते. एकूण दाखले, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनुसार सुधारलेला एच-इंडेक्स आणि लेखक एकटा, पहिला वा शेवटचा असलेल्या निबंधांचे दाखले यांचा तीत विचार होतो. स्वतःच स्वतःचे दिलेले दाखले वगळूनही क्रम दाखवला जातो. शास्त्रज्ञांची विभागणी २२ विषयांत व १७४ उपविषयांत केलेली असते. असे असले तरी मोजणी अखेर दाखल्यांचीच होते. कार्बन-धातू रसायनशास्त्रज्ञापुढे येथेही एक पेच असतो. त्याचे काम निम्मे सेंद्रिय आणि निम्मे असेंद्रिय रसायनशास्त्रात मोडते, यादीत मात्र त्याला एकाच मुख्य रकान्यात बसवले जाते. रकाना बदलला तर तुलनेची माणसे बदलतात आणि त्याबरोबर क्रमांकही बदलू शकतो.

सेवाग्रामचा निबंध

एका विषयाची दुसऱ्याशी तुलना केली की अडचण आणखी वाढते. येथे सेवाग्रामचे उदाहरण उपयोगी ठरते. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. खेड्यात उभे राहिलेले देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ती ओळखली जाते. त्या वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत संशोधन करीत असलेले डॉ. मधुकर पै, संस्थेतील डॉ. एस. पी. कलंत्री आणि इतर सहकारी यांनी येथे केलेला अभ्यास जून २००५ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

क्षयरोगाचा सुप्त संसर्ग ओळखण्यासाठी हाताच्या त्वचेत इंजेक्शन देऊन सूज पाहण्याची जुनी, स्वस्त चाचणी आहे. तिच्या जागी रक्तावर करावयाची नवी, महागडी चाचणी त्या सुमारास पुढे येत होती. बीसीजी लस टोचलेल्या माणसात जुनी चाचणी फसू शकते, नवी फसत नाही, असे तिच्या बाजूने सांगितले जाई. जवळजवळ सर्वांना बीसीजी टोचली जाणाऱ्या आपल्या देशात हा मुद्दा कळीचा होता. सेवाग्रामच्या रुग्णालयातील ७२६ आरोग्यसेवकांवर दोन्ही चाचण्या करण्यात आल्या. त्यांत विद्यार्थीही होते आणि सहभागींचे मध्यक वय अवघे २२ वर्षे होते. जुन्या चाचणीने ४१ टक्के, तर नव्या चाचणीने ४० टक्के जणांत संसर्ग आढळला. ८१ टक्क्यांहून अधिक जणांत दोन्हींचा कौल सारखाच होता आणि बीसीजीचा जुन्या चाचणीवर फारसा परिणाम दिसला नाही. दोन्हींपैकी किमान एका चाचणीत संसर्ग आढळलेल्यांचे प्रमाण निम्मे होते.

या निष्कर्षाचे दोन अर्थ होते. रुग्णसेवा करणाऱ्या तरुण मुलामुलींना क्षयाच्या संसर्गापासून वाचवण्याची निकड त्यातून पुढे आली. तसेच अशा ठिकाणी स्वस्त चाचणी टाकून महाग चाचणी घेण्याने फारसा लाभ नाही, हेही दिसले. अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण करून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये, अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्वचेच्या चाचणीऐवजी ही रक्तचाचणी वापरू नये, अशी भूमिका घेतली. पुढे २०१८ मध्ये संघटनेने दोहोंपैकी कोणतीही चाचणी वापरण्यास मुभा दिली. गरीब देशांच्या आरोग्य खात्यांच्या खर्चाशी निगडित असा हा विषय होता.

आता पुण्याचा निबंध थोर की सेवाग्रामचा? दाखल्यांची संख्या शेजारी शेजारी ठेवून याचे उत्तर देता येणार नाही. क्षयरोगावर जगभर हजारो संशोधक लिहितात, निबंधांना लांबलचक संदर्भसूची असतात आणि परीक्षणपर लेख वारंवार निघतात. दोन थरांतील उत्प्रेरकांवर काम करणाऱ्यांचे वर्तुळ त्या मानाने लहान आहे. त्यातही कारखान्यातील ज्या अभियंत्याला या युक्तीचा उपयोग होतो, तो निबंध लिहीत नाही. फार तर पेटंट घेतो. कमी पैशांत योग्य चाचणी निवडणारा आरोग्य अधिकारीही कोणाचा दाखला देत बसत नाही. दाखले मोजताना केवळ लिहिणाऱ्यांची मते मोजली जातात, वापरणाऱ्यांची नाहीत.

आकडा कोठे फसतो?

काळाचा प्रश्नही आहेच. नोबेल मिळवणाऱ्या रिचर्ड हेक यांनी आपली प्रसिद्ध अभिक्रिया १९७२ मध्ये मांडली. त्याआधी वर्षभर जपानमधील त्सुतोमु मिझोरोकी यांनीही ती नोंदवली होती. औषधनिर्मितीत तिचा वापर फोफावण्यास बराच काळ जावा लागला. हेक १९८९ मध्ये डेलावेअर विद्यापीठातून निवृत्त झाले आणि नोबेलची वार्ता २०१० मध्ये त्यांना फिलिपिन्समध्ये कळली. दोन-तीन वर्षांच्या दाखल्यांवर निकाल देणाऱ्या पद्धतीला अशी उशिरा फळणारी झाडे दिसत नाहीत.

सर्वाधिक दाखले म्हणजे सर्वात मोठा शोध, असेही नाही. ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक दाखले मिळालेल्या शंभर निबंधांची यादी दिली. पहिल्या क्रमांकावर प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा १९५१ मधील निबंध होता आणि त्याला तीन लाखांहून अधिक दाखले होते. डीएनएची रचना सांगणारा १९५३ मधील निबंध त्या शंभरांत नव्हता. रोजच्या वापरातील रीत सांगणाऱ्याला दाखले मिळतात. जो शोध सर्वांच्या ज्ञानात मिसळून जातो त्याचा दाखला देण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

सर्वात गंभीर बाब अशी की, आकडा खऱ्या-खोट्याची पारख करीत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून कार्बन-धातू रसायनशास्त्रावरच प्रसिद्ध झालेले काही निबंध २००६ मध्ये मागे घ्यावे लागले, कारण त्यातील प्रयोग इतरांना करून पाहता येईनात. अमेरिकी सरकारच्या चौकशीत बनावट नोंदी सिद्ध झाल्या आणि २०११ मध्ये संबंधित संशोधिकेची पीएच.डी. रद्द झाली. दरम्यान ते प्रयोग पुन्हा करून पाहण्यात त्याच प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांचा मौल्यवान काळ खर्ची पडला. त्या निबंधांना तोवर मिळालेल्या दाखल्यांतून हा घोटाळा उघड झाला नाही. ज्यांनी प्रयोग स्वतः करून पाहिले त्यांनी तो उघड केला.

नियमांची ओढाताण

आपल्याकडे या आकड्यांना नियमांचे बळ मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकन पद्धत आणली आणि प्रसिद्ध निबंधांना गुण ठरवले. वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीलाही निबंधांची अट आहे. २०१६ पासून जाहीर होणाऱ्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीतही निबंध व दाखले यांना स्थान आहे. परिणाम अपेक्षितच होता. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातील छत्र्यांसारखी उगवली.

त्यांचे प्रमाण किती होते, हे पुण्यातूनच पुढे आले. डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिके तपासली. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकषांना उतरत नसल्याचे त्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी आयोगाने ‘केअर’ या नव्या यादीची घोषणा केली. २०२२ मध्ये पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्ती उठवली गेली आणि २०२५ मध्ये ‘केअर’ यादीही बंद करून नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवण्यात आली. यादी बदलून प्रश्न सुटत नाही, हे या साऱ्या प्रवासातून स्पष्ट होते.

याची झळ सर्वाधिक कोणाला बसते? रुग्णांच्या गर्दीतून वेळ काढून संशोधन करणाऱ्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरला आणि साधनांची वानवा असलेल्या महाविद्यालयातील तरुण प्राध्यापकाला. सचोटीने एक अवघड प्रश्न पाच वर्षे हाताळणाऱ्याच्या खात्यावर एक निबंध जमा होतो. त्याच काळात एकाच कामाचे दहा तुकडे करून छापणारा बढतीच्या रांगेत पुढे जातो.

मग पाहावे तरी काय?

आकडे सर्वस्वी निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. एकाच उपविषयातील, साधारण एकाच वयाच्या दोघांची प्राथमिक तुलना करताना ते मदत करतात आणि ओळखीपाळखीवर होणाऱ्या निवडीला काही आळा घालतात. मात्र त्यांच्या जोडीला काही प्रश्न विचारले पाहिजेत. विषय कोणता आणि त्यात लिहिणारे किती? मिळालेल्या दाखल्यांपैकी स्वतःचे व आपल्याच गटातील किती? निबंधात या व्यक्तीचा वाटा कोणता होता? सेवाग्रामच्या निबंधावर डझनाच्या आसपास लेखकांची नावे आहेत आणि साध्या मोजणीत प्रत्येकाच्या खात्यावर सारखेच दाखले जमा होतात. दाखले देणाऱ्यांनी निष्कर्ष खरोखर वापरला, की प्रस्तावनेत नुसता नामोल्लेख केला? तो प्रयोग इतरांनी करून पाहिला का? पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधणाऱ्या विद्यार्थ्याने तर आणखी एक चौकशी करावी : त्या प्राध्यापकांचे पूर्वीचे विद्यार्थी आज काय करतात?

जगभरातील जाणकारांचे मतही याच दिशेने झुकले आहे. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून व्यक्तीची किंमत करू नये, असे आवाहन करणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ च्या अखेरीस आकारास आला. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीनेही २०१८ च्या आपल्या धोरणपत्रात, निबंध कोठे छापला यापेक्षा त्यात काय छापले हे पाहावे आणि सर्व निबंध मोजण्याऐवजी मोजक्या उत्तम निबंधांवरून परीक्षण करावे, अशी भूमिका मांडली.

मोजके निबंध पाहावयाचे म्हणजे ते वाचावे लागतात आणि वाचण्यास वेळ, जाणकार परीक्षक व मूळ निबंध यांची गरज असते. यांपैकी मूळ निबंध मिळवणे हीच लहान गावांतील संस्थांची आजवरची मोठी अडचण होती. महागड्या नियतकालिकांची वर्गणी त्यांना परवडत नसे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. जानेवारी २०२५ पासून केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली होऊ लागली. या संस्थांच्या निवड समित्यांना आता निबंध हाती नसल्याची सबब सांगता येणार नाही. पुण्याचा तो निबंध तीन पानांचा आहे. उमेदवाराच्या नावापुढील आकडा पाहून झाल्यावर तेवढी पाने वाचण्याचे कष्ट परीक्षकांनी घ्यावेत, एवढीच अपेक्षा आहे.